फेकीचे दोन पंथ : फ्लूटी आणि कोझार

आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले-नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत, अथवा शिकून तेथेच स्थिरावली आहेत. त्यांच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जाऊन आलेली वडीलधारी मंडळी परतल्यावर एक हकीकत हटकून सांगतात. शनिवार उजाडला की विद्यापीठाचे सबंध गाव एकाच रंगाचे कपडे अंगावर चढवून घराबाहेर पडते, मोटारींच्या रांगा लागतात, आणि हजारो माणसे एका क्रीडांगणात जाऊन बसतात. खेळाचे नाव फुटबॉल. पण चेंडू गोल नाही आणि पायाशी त्याचा संबंध बेताचाच. नातू शेजारी बसून नियम समजावून देतो, आजोबा मान डोलावतात, आणि तासाभराने विचारतात, "अरे, सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात ते ठीक; पण तो एकच मुलगा दर वेळी चेंडू घेऊन मागे मागे का सरतो?"

आजोबांचा प्रश्न नेमका आहे. त्या मुलाला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि तो मागे सरतो तो चेंडू फेकण्यासाठी. या खेळात निवांतपणे न्याहाळण्याजोगी कला कोणती असेल, तर आमच्या मते ती ही फेकीची. या महिन्यात आम्ही तेवढ्या एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहोत, आणि तेही १९८४ साली महाविद्यालयीन संघांतून खेळणाऱ्या दोन तरुणांच्या आधारे. एक बोस्टन कॉलेजचा डग फ्लूटी, दुसरा मायामी विद्यापीठाचा बर्नी कोझार. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला हे दोघे समोरासमोर आले. त्या सामन्यातील शेवटची एक फेक इतकी गाजली की तिने एकाचे नाव घरोघर पोचविले आणि दुसऱ्याची कला झाकोळून टाकली. त्या दुसऱ्यावर, आणि थोडासा पहिल्यावरही, त्या प्रसिद्धीने अन्याय केला असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम खेळाची जुजबी ओळख. मैदान १०० यार्ड लांब, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एकेक अंतिम पट्टा. (यार्ड म्हणजे आपल्या नऊवारीतला वार, हे माप आजोबांपेक्षा आजींना अधिक चांगले उमगेल.) चेंडू घेऊन त्या पट्ट्यात पोचले की 'टचडाउन', त्याचे सहा गुण, पाठोपाठ चेंडू लाथाडून सातवा गुण मिळविता येतो. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांना चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा नव्या चार, नाही तर चेंडू प्रतिपक्षाचा. पुढे सरकण्याचे मार्ग दोन : चेंडू काखोटीला मारून धावावे, किंवा क्वार्टरबॅकने तो पुढे पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकावा. हा दुसरा मार्ग नियमांत आला १९०६ साली. त्याआधी केवळ रेटारेटी चाले, आणि १९०५ च्या हंगामात इतके तरुण खेळताना दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. पुढे ज्या सुधारणा झाल्या त्यांत फेकीला मुभा मिळाली. म्हणजे आज जी कला म्हणून पाहावयाची ती मुळात जीव वाचविण्याची एक युक्ती होती.

आता ही फेक दिसते तितकी सोपी नाही. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सुमारे अकरा इंच लांब, वजनाला चारशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्या एका अंगाला दोरीची शिवण असते. तिच्यावर बोटे रोवून सोडताना चेंडूला स्वतःभोवती गिरकी द्यावी लागते. गिरकी नीट बसली तर तो नाक समोर धरून सुसाट जातो; चुकली तर काटलेल्या पतंगासारखा गोते खात खाली येतो. आणि वेळ किती? तीन सेकंद, फार तर चार. समोरून चार-पाच धिप्पाड गडी त्याला लोळविण्यासाठी धावून येत असतात. त्याचे स्वतःचे पाच धिप्पाड गडी त्याच्याभोवती कोंडाळे करून त्यांना थोपवितात. त्या कोंडाळ्यात उभे राहून, पुढे पळणाऱ्या चार-पाच सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा सापडणार हे त्याने ओळखावयाचे, आणि तो आहे तेथे नव्हे, तर क्षणभराने तो असेल तेथे चेंडू पाठवावयाचा. शेताच्या माचाणावरचा राखणदार गोफणीचा नेम उडत्या पाखराच्या थोडा पुढे धरतो, तसेच हे. फरक इतकाच की राखणदाराच्या अंगावर कोणी धावून येत नाही.

फेकीचे एक शास्त्रशुद्ध रूप शिक्षक मंडळींनी ठरवून दिलेले आहे. ताठ उभे राहावे, चेंडू कानाच्या वर न्यावा, कोपर खांद्याच्या वर ठेवावे, विरुद्ध पाय लक्ष्याच्या दिशेने टाकावा आणि अंगाचा सगळा भार त्या पायावर आणीत हात डोक्यावरून पुढे आणावा. आपल्याकडे फलंदाजीच्या शिक्षकाने डाव्या कोपराचा जसा आग्रह धरावा, तसा तेथे या उजव्या कोपराचा. ज्या दोघांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांच्यापैकी एकाचे हे कोपर शेवटपर्यंत खालीच राहिले, आणि दुसऱ्याचे पाय क्वचितच जागेवर राहिले.

कोझार हा ओहायो राज्यातील बोर्डमनचा. उंची ६ फूट ५ इंच, अंगलट किरकोळ, हातपाय लांबलचक. तो धावू लागला म्हणजे उंट आठवावा. इतक्या उंच माणसाने चेंडू डोक्यावरून फेकला असता तर तो कोणाच्याही हाती लागता ना. पण हा गृहस्थ तो बाजूने, खांद्याच्या खालून, नदीच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावावा तसा सोडी. उंचीचे जे देणे निसर्गाने दिले ते याने फेकताना आपण होऊन सोडून दिले. शिक्षकांच्या दृष्टीने हा मोठाच दोष. तथापि हॉवर्ड श्नेलेनबर्गर या मायामीच्या प्रशिक्षकांनी तो दोष पोटात घातला आणि १९८३ साली, पहिले वर्ष बाहेर बसून काढलेल्या या कोवळ्या मुलाच्या हाती संघाची सूत्रे दिली.

त्याचे फळ २ जानेवारी १९८४ च्या रात्री मिळाले. समोर नेब्रास्का, सबंध हंगामात एकही सामना न हरलेला बलाढ्य संघ. कोझारने ३०० यार्डांच्या फेकी केल्या आणि मायामी ३१-३० अशी एका गुणाने जिंकून राष्ट्रीय विजेती ठरली. नेब्रास्काला अखेरीस बरोबरी साधता आली असती. पण त्यांच्या प्रशिक्षकांनी बरोबरी नाकारून विजयासाठी दोन गुणांचा डाव मांडला आणि तो फसला. या मानी निर्णयावर तेथे अजूनही वाद झडतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कोझारच्या यशाचे मर्म हाताच्या जोरात नव्हते. चेंडू खेळात येण्यापूर्वीच तो प्रतिपक्षाची मांडणी वाचून घेई. मागचे रक्षक किती अंतरावर उभे आहेत, त्यांचे पाय कोणत्या दिशेला वळले आहेत, कोणता कोपरा उघडा पडणार आहे, हे सारे त्याच्या मनात आधीच मांडलेले असे. त्यामुळे दोन-चार पावले मागे टाकताच चेंडू हातातून सुटलेला दिसे. ज्याच्याकडे चेंडू निघाला त्या गड्याने अजून मान वळविलेलीही नसे. तो वळे तो चेंडू छातीशी. फेक मऊ, झेलणाऱ्याच्या बोटांना न बोचणारी. पाहणाऱ्याला त्यात चमत्कार काहीच दिसू नये. बारा यार्ड, नऊ यार्ड, पुन्हा चौदा. आणि पाहता पाहता साठ-सत्तर यार्ड गेलेले असत. द्रुत तानांचा पाऊस न पाडता केवळ आलापीवर मैफल बांधणारा गवई असतो, त्या जातीचा हा खेळाडू. अर्थशास्त्र आणि वित्तशास्त्र या दोन्ही विषयांची पदवी त्याने ठरलेल्या मुदतीआधीच पदरात पाडून घेतली, हे आम्हांस त्याच्या फेकीशी सुसंगतच वाटते.

फ्लूटीचे सगळेच निराळे. मॅसॅच्युसेट्समधील नेटिक या गावचा हा मुलगा उंचीने जेमतेम ५ फूट १० इंच. आपल्याकडे ही उंची चांगली म्हटली जाईल. पण ज्या खेळात समोरचे गडी सव्वासहा-साडेसहा फुटांचे, तेथे तो ठेंगणाच. मोठ्या विद्यापीठांनी त्याला नाकारले. बोस्टन कॉलेजने शिष्यवृत्ती दिली तीसुद्धा त्यांना हवे असलेले दोन खेळाडू दुसरीकडे गेल्यावर, उरलीसुरली म्हणून. ऑक्टोबर १९८१ मध्ये पेन स्टेटविरुद्धचा सामना हातचा गेलेला असता त्याला प्रथम मैदानात सोडण्यात आले, आणि त्यानंतर ती जागा त्याच्याकडून कोणी घेऊ शकले नाही.

ठेंगण्या क्वार्टरबॅकची अडचण फेकीची नसते, दृष्टीची असते. स्वतःच्याच रक्षकांच्या पाठी समोर भिंतीसारख्या उभ्या. पलीकडचे दिसावे कसे? फ्लूटीने दोन उपाय काढले. पहिला, दोन पाठींमधल्या फटीतून पाहणे आणि त्याच फटीतून चेंडू काढणे. दुसरा, कोंडाळे सोडून सरळ एका बाजूला पळत सुटणे. हा दुसरा उपाय त्याची ओळख बनला. क्वार्टरबॅक बाजूला पळाला की आखलेला डाव मोडतो. पण डाव दोन्ही पक्षांचा मोडतो! रक्षकांना ठरलेल्या जागा सोडाव्या लागतात, कोणी त्याच्यामागे धावतो, कोणी गोंधळून थांबतो, आणि तेवढ्यात बोस्टनचे गडी आपली ठरलेली वाट टाकून मोकळ्या जागेत शिरतात. त्या क्षणी फ्लूटी, धावता धावता, अंग एकीकडे आणि लक्ष्य दुसरीकडे अशा स्थितीत चेंडू सोडी. आणि गंमत पाहा : हा ठेंगणा मनुष्य हात अगदी उंच नेऊन, थेट डोक्यावरून फेकी. उंच माणसाची फेक खालून, ठेंगण्याची वरून! त्या लहानशा देहात खांदा मात्र चांगला दणकट होता. या खांद्याचा अंदाज पुष्कळांना शेवटपर्यंत आला नाही. त्याची किंमत मायामीला मोजावी लागली, ते पुढे येईलच.

एवढ्यावरून वाचक असे अनुमान काढतील की कोझार हा सावध आणि फ्लूटी हा उधळ्या. लोकही तसेच म्हणत आले. परंतु १९८४ च्या हंगामाचे आकडे या समजुतीला पुष्टी देत नाहीत. फ्लूटीने ३८६ फेकी केल्या, त्यांपैकी २३३ सहकाऱ्यांनी झेलल्या. यार्ड ३,४५४, टचडाउन २७. कोझारने ४१६ फेकी केल्या, त्यांपैकी २६२ झेलल्या गेल्या. यार्ड ३,६४२, टचडाउन २५. दर फेकीमागे पडणारे यार्ड काढले तर दोघांचेही नवाच्या थोडे अलीकडे येतात, म्हणजे जवळपास सारखेच. आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेल्या फेकी? उधळ्या फ्लूटीच्या ११, सावध कोझारच्या १६. याचे कारण आम्हांस असे दिसते की जो आधीच मांडणी वाचून निर्धास्तपणे फेकतो, त्याचे वाचन एखाद्या वेळी चुकले तर ती चूक पुरती महागात पडते. जो डाव मोडल्यावर डोळ्यांसमोर पाहून फेकतो, त्याला मोकळा गडी दिसलाच नाही तर तो चेंडू बाहेर भिरकावून मोकळा होतो. पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारी रीत नेहमीच अधिक धोक्याची असते असे नाही.

आता त्या सामन्याकडे वळू. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस, शुक्रवार. स्थळ मायामीचे ऑरेंज बोल क्रीडांगण. हवा पावसाळी, वारा जोराचा. मायामीची प्रशिक्षकपदाची धुरा तोवर जिमी जॉन्सन यांच्याकडे आली होती, बोस्टनची जॅक बिकनेल यांच्याकडे होती. बोस्टनने आरंभीच १४-० अशी आघाडी घेतली, कोझारने ती फेडली, आणि मग सामना झोपाळ्यासारखा इकडून तिकडे झुलू लागला. अखेरच्या हिशेबात फ्लूटीच्या ४६ पैकी ३४ फेकी झेलल्या गेल्या, यार्ड ४७२. कोझारच्या ३८ पैकी २५, यार्ड ४४७. दोघांचे मिळून ९१९ यार्ड! तेही ओल्या चेंडूने आणि वाऱ्यात.

सामना संपावयास चार मिनिटे उरली असता बोस्टन ४१-३८ अशी तीन गुणांनी पुढे होती आणि चेंडू मायामीकडे आला. येथून पुढची मायामीची चढाई आमच्या मते त्या दिवसातील सर्वोत्तम खेळ होय, आणि तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. स्वतःच्या टोकाजवळून निघून त्यांना जवळजवळ ऐंशी यार्ड चालावयाचे होते. मध्येच अशी वेळ आली की तिसरी संधी, हवे असलेले अंतर वीसेक यार्डांचे, आणि कोंडाळे फुटून बोस्टनचे गडी थेट कोझारच्या अंगावर. ज्याची धाव पाहून लोक हसत, तो कोझार त्या गर्दीतून निसटला आणि पळता पळता आपला गडी शोधून त्याच्या हाती चेंडू पोचविला. म्हणजे त्या क्षणी तो फ्लूटी झाला होता. पुढे धीमेपणे, एकेक यार्ड मोजून, त्याने चढाई शेवटच्या यार्डापर्यंत आणली आणि मेल्विन ब्रॅटनने ती पुरी केली. त्याचे त्या दिवसातले हे चौथे टचडाउन. मायामी ४५, बोस्टन ४१. घड्याळात उरले होते २८ सेकंद.

येथे सामना संपता तर हा दिवस कोझारचा म्हणून ओळखला गेला असता. पण बोस्टनच्या हाती चेंडू आला आणि फ्लूटीने दोन झटपट फेकींत मैदानाचा मध्य ओलांडला. तिसरी फेक वाया गेली. उरले सहा सेकंद आणि ४८ यार्ड. म्हणजे एकच संधी.

अशा वेळच्या आंधळ्या, दूरच्या फेकीला अमेरिकेत 'हेल मेरी' म्हणतात. हे मुळात माता मेरीच्या स्तवनाचे नाव. गोव्यातील आमच्या वाचकांना शेजारच्या ख्रिस्ती घरांतून ते सायंकाळी ऐकू येत असेल. देवावर हवाला ठेवून फेकावयाचे, असा त्यातला भाव. बोस्टन कॉलेज हे जेझुइट पाद्र्यांनी स्थापिलेले असल्यामुळे वृत्तपत्रांना हे नाव फारच सोयीचे झाले. परंतु या फेकीला केवळ देवाचा हवाला म्हणणे आम्हांस मान्य नाही. बोस्टनच्या सरावात हा डाव नेहमीचा होता. तीन गड्यांनी उजव्या अंगाने सरळ अंतिम पट्ट्याकडे पळत जावे, चेंडू त्या गर्दीवर यावा, आणि एकाने तो टोलवून दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी त्याची आखणी होती.

चेंडू हाती येताच फ्लूटी मागे हटला, अंगावर येणाऱ्या गड्याला चुकवून उजवीकडे सरकला. येथवर नेहमीचा फ्लूटी. आणि मग त्याने जे केले ते त्याच्या रीतीला सोडून होते. स्वतःच्या बाजूच्या ३७ यार्डांच्या रेषेपाशी तो थांबला, पाय रोवले, आपले गडी पुरेसे पुढे जाईपर्यंत क्षणभर कळ काढली, आणि सगळे अंग झोकून चेंडू उंच सोडला. तो हवेतून साठ यार्डांहून अधिक गेला, तोही समोरच्या वाऱ्यावर. मायामीचे रक्षक गोलरेषेच्या थोडे अलीकडे उभे होते. एवढ्याशा मुलाची फेक आपल्या डोक्यावरून जाईल असे त्यांना वाटलेच नाही, असे सांगतात. ते उडाले, एकमेकांत अडकले, चेंडू त्यांच्या हातांवरून खाली उतरला, आणि त्यांच्या मागे, गोलरेषेवर उभा होता जेरार्ड फेलन. त्याने चेंडू पोटाशी कवटाळला आणि अंतिम पट्ट्यात उताणा पडला. हा फेलन फ्लूटीचा वसतिगृहातील खोलीसोबती. बोस्टन ४७, मायामी ४५. घड्याळ शून्यावर होते; जादा लाथेची गरजही उरली नव्हती.

मग यात नशीब नव्हते काय? होते. रक्षक चार पावले मागे उभे राहते तर आज हा लेख आम्हांस वेगळा लिहावा लागला असता. पण नशिबाला पोचावयाला जागा लागते, आणि ती जागा वाऱ्याविरुद्ध साठ यार्डांवर होती. तेथवर चेंडू नेऊ शकणारा खांदा नशिबाने मिळालेला नव्हता. आणखी एक. ज्या फेकीने फ्लूटी अजरामर झाला ती त्याच्या खऱ्या रीतीचा नमुना नव्हे. पाय रोवून, वेळ साधून, सहकारी कोठे असेल याचा हिशेब करून केलेली ती फेक होती. म्हणजे पंथाने ती कोझारची! त्याच्या रीतीचे उत्तम नमुने पाहावयाचे तर त्याच सामन्यातील आधीच्या तीस-बत्तीस फेकी पाहाव्यात. फेलननेच त्या दिवशी ११ झेल घेतले होते.

फ्लूटीला त्या वर्षीचा हाइझमन पुरस्कार मिळाला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील हा सर्वोच्च मान. महाविद्यालयीन कारकिर्दीत दहा हजार यार्डांचा टप्पा गाठणाराही तो पहिलाच. त्याची बेरीज १०,५७९ झाली. कोझार त्या मतदानात चौथा आला. त्या हंगामाच्या शेवटी कोझारच्या वाट्याला जे आले त्याचा विचार केला की आम्हांस खरोखरच वाईट वाटते. १० नोव्हेंबरला मेरिलँडविरुद्ध मायामीने पहिल्या अर्ध्यात ३१-० अशी आघाडी घेतली आणि ४०-४२ असा सामना घालविला. मग बोस्टनविरुद्ध ४५-४७. मग १ जानेवारी १९८५ ला फिएस्टा बोलमध्ये यू. सी. एल. ए. विरुद्ध ३७-३९. लागोपाठ तीन सामने, दर वेळी संघाचे चाळीसच्या आसपास गुण, दर वेळी दोन गुणांनी हार. बडोद्याच्या विजय हजारे यांनी १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या आणि तरीही संघ डावाने हरला. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती खेळी पराभवाच्या खात्यात मांडली नाही. कोझारच्या वाट्याला मात्र अमेरिकन लोकांची एवढी चोख हिशेबदारी आली नाही. आणि त्याच १ जानेवारीला फ्लूटीचा संघ ह्यूस्टनविरुद्ध कॉटन बोल ४५-२८ असा जिंकला, तेव्हा थंडीपावसात त्याच्या ३७ फेकींपैकी १३ च झेलल्या गेल्या होत्या, हे कोणाच्या ध्यानीही राहिले नाही.

पुढे दोघांनीही व्यावसायिक खेळ पत्करला, आणि तेथे मैदानाने रीतीची परीक्षा घेतली. फ्लूटी आरंभी ज्या न्यू जर्सीच्या संघातून खेळला त्याचे मालक डोनाल्ड ट्रम्प होते, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. तो संघ आणि ती स्पर्धा फार टिकली नाही. मुख्य स्पर्धेतील संघांना त्याची उंची पुन्हा नडू लागली, तेव्हा १९९० मध्ये तो कॅनडात गेला. कॅनडाचे मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, अमेरिकेतल्याहून सुमारे बारा यार्डांनी अधिक रुंद. बाजूला पळून फेकणाऱ्यासाठी जणू बेतून घेतलेले! तेथे त्याने १९९१ च्या एका हंगामात ६,६१९ यार्डांच्या फेकी केल्या, सहा वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला आणि तीनदा ग्रे कप जिंकला. १९९८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बफेलोला परतला तेव्हा त्याच्या नावाने न्याहारीचे मक्याचे पोहे निघाले, आणि त्यांची मिळकत स्वमग्न मुलांसाठी त्याने पत्नीसह काढलेल्या संस्थेला जाऊ लागली.

कोझार आपल्या ओहायोतच, क्लीव्हलँडच्या संघात गेला. ३ जानेवारी १९८७ च्या एका सामन्यात त्याने ४८९ यार्ड मिळवून दिले. परंतु त्याच्या पंथाची खरी साक्ष दुसऱ्या एका आकड्यात आहे. १९९० आणि १९९१ या दोन हंगामांत मिळून त्याने सलग ३०८ फेकी केल्या, आणि त्यांतली एकही प्रतिपक्षाच्या हाती लागली नाही. हा विक्रम २०१० पर्यंत टिकला. महाविद्यालयातील ते १६ ज्याच्या नावावर होते त्यानेच हे साधले. वाचन तेच, पण सरावाने चुका गळून पडल्या. बाजूने फेकण्याची सवय मात्र त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. १९९३ साली क्लीव्हलँडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याचे कसब ओसरले असे जाहीरपणे सांगून त्याला मुक्त केले. त्याला लगोलग बोलावून घेतले ते डॅलस संघाने, आणि तेथे प्रशिक्षक होते त्याचे मायामीचे जिमी जॉन्सन. त्याच हंगामाअखेरीस डॅलस विजेते ठरले. योगायोग असा की याच बेलिचिक यांच्या हाताखाली, पण न्यू इंग्लंड संघात, १ जानेवारी २००६ रोजी फ्लूटीने चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी लाथाडण्याची एक जुनी, विसरलेली क्लृप्ती यशस्वी केली. त्या स्पर्धेत १९४१ नंतर ती कोणालाच साधली नव्हती.

मग दोघांत श्रेष्ठ कोण? वाचक हे विचारणारच, आणि टाळाटाळ करणे आम्हांस आवडत नाही. कोंडाळे फुटले आहे, डाव मोडला आहे, आणि तरीही काही घडावयास हवे आहे अशा वेळी आम्ही चेंडू फ्लूटीच्या हाती देऊ. पण निव्वळ फेक म्हणून, रोजच्या दहा-दहा यार्डांची फेक म्हणून विचाराल, तर आमचे मत कोझारला आहे, कोपर खाली असले तरीही. ज्याच्याकडे चेंडू जात आहे त्याचे काम सोपे करणे हा फेकीचा पहिला गुण मानला, तर त्याच्याइतका झेलणाऱ्याचा विचार करणारा त्या पिढीत आम्हांस दुसरा दिसला नाही.

ऑरेंज बोल क्रीडांगण २००८ मध्ये पाडण्यात आले. त्याच वर्षी बोस्टन कॉलेजच्या क्रीडांगणाबाहेर फ्लूटीचा पुतळा उभा राहिला, चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात. अमेरिकेत नातवाकडे गेलेल्या मंडळींना तो त्या सामन्याची चित्रफीत हौसेने दाखवील. ती बहुधा शेवटच्या सहा सेकंदांचीच असते. त्याला ती चार मिनिटे आधीपासून, मायामीच्या त्या चढाईपासून लावावयास सांगावे.